मनशिळेचं लुगडं

१

श्रावणात त्या घरात लसूण येत नसे. रुपराव होते तेव्हा शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला तरी ते उठून खिडकी लावून घेत, आणि वर म्हणत, "लोकायले एक महिना दम निघत नाही." थंडीत रुपराव गेले. पण त्यांच्या सुनेनं, शामलानं, सासऱ्याचा नेम मोडला नाही. त्यामुळे त्या दिवशी हर्षा कॉलेजातून आली, ओट्याशी स्कूटर लावली आणि जिन्याकडे वळली, तेव्हा नाकात शिरलेला वास तिला आधी खराच वाटला नाही.

लसूण होता. चांगला ठेचलेला, नाकाला झोंबणारा.

हर्षा वरच्या मजल्यावरची भाडेकरू. मूळची काटोलची, धरमपेठेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. निम्मं आयुष्य प्रयोगशाळेत घालवलेल्या बाईच्या नाकाला फसवणं सोपं नाही. सडक्या अंड्याचा वायू कुठल्या बाटलीतून सुटलाय, हे ती दारातूनच सांगायची.

"काय वं शामला, लसूण सोलून राहिली का?" तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

शामला पोरीला खांद्यावर थोपटत बाहेर आली. "ताई, श्रावण आहे ना. काहून मस्करी करता?"

तिला वास येत नव्हता. पण जिन्याच्या उजव्या हाताला, गल्लीकडच्या खोलीच्या दाराखालून, तो सरळ येत होता. त्या दाराला कुलूप होतं. आत स्वयंपाक करायला कोणी नव्हतं. आत फक्त मारबत होती.

नागपूरच्या माणसाला मारबत काय हे सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं शहर मोठ्या मारबतींच्या मागं धावतं, तेव्हा ही गल्ली आपली छोटी पिवळी मारबत काढते. बांबूचा सांगाडा, कागदाचं अंग, माणसापेक्षा हातभर उंच बाई. नाल्यापलीकडच्या मैदानावर तिला जाळतात. आणि या गल्लीची स्वतःची एक रीत आहे: जिच्या घरी तान्हं मूल असेल ती त्याला घेऊन धुरात उभी राहते. धूर पोराच्या अंगावरून गेला, की वर्षाचा खोकला, ताप मारबत सोबत घेऊन जाते म्हणे. पोरं ठसकतात, आया हसतात, आणि गल्ली समाधानानं घरी जाते.

ती मारबत वर्षानुवर्षं रुपराव करत. या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या मुलानं, अश्विननं केली होती.

२

अश्विनचं ऑटोच्या सीट शिवायचं दुकान. हात चांगला, बोलणं कमी. संध्याकाळी आल्या आल्या त्यानं कौतुकानं खोली उघडून दाखवली.

खोली लहान. पश्चिमेला गज नसलेली एकच खिडकी, समोरच्या भिंतीला टेकून मारबत. पायाखाली फरशीला ओल आलेली, भिंतीचा चुना फुगलेला. रुपरावांचं ब्रश बुडवायचं पत्र्याचं टमरेल अजून खिडकीत होतं. आणि त्या सगळ्यात ती बाई अशी झळकत होती, की हर्षा दारातच थांबली. दरवर्षीचा बाजारातल्या पिवडीचा मळकट रंग नव्हता हा. तोंड, हात, गळा सोन्यासारखे पिवळे, आणि घोळदार लुगडं गडद नारिंगी लाल.

"रंग कुठून आणला गा?"

"बाबांच्या पेटीतला," अश्विन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की तो बघूनच हर्षाला पुढे त्रास झाला. "लोखंडी पेटी होती ना खाटेखाली? जन्मभर हात लावू दिला नाही. उघडली तं दोन गाठोडे. एकात पिवळे दगड, पापुद्र्या-पापुद्र्याचे, अभ्रकासारखे. दुसऱ्यात लाल. माहे आजोबा मंदिराच्या भिंती रंगवत, त्यांचा असंल. पाट्यावर वाटून खळीत कालवला. बाबांनी सगळ्यात चांगला रंग राखून ठेवला वं ताई. मी म्हटलं, त्यांचं पहिलं साल आहे, तिलेच लावू."

बोलताना तो मनगटं खाजवत होता. दोन्ही मनगटांवर लाल चट्टे होते.

शामला मागं येऊन उभी राहिली होती. तिच्या कडेवरची चिमी नऊ महिने पुरे व्हायच्या आधीच जगात आली होती. महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी आली तरी तिच्या छातीत बारीक शीळ वाजायची, आणि ती वाजली की सगळं घर जागच्या जागी थांबायचं.

"पहिला धूर चिमीले," अश्विन म्हणाला. "अगदी जवळून. बाबा असते तं त्यांनीच नेली असती."

हर्षा लुगड्याकडे बघत होती. कडेकडेनं लाल रंग उडून पिवळट झाला होता आणि खाली फरशीवर पिवळी भुकटी पडली होती. मध्यभागी मात्र एक मोठा पट्टा लालच होता.

"दोन रंग दिले का इथं?"

"नाही वं. सगळं लालच होतं. ओल लागली असंल."

ओल खालून चढते, हर्षाच्या मनात आलं. मधलं सोडून आजूबाजूला चढत नाही. पण तिनं ते मनातच ठेवलं. "चिमीला या खोलीत आणू नका," एवढंच म्हणाली, आणि जाता जाता फरशीवरची चिमूटभर भुकटी कागदात घेतली.

३

दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर तिनं प्रयोगशाळेतलं वायू ओढून घेणारं कपाट सुरू केलं, हातमोजे चढवले आणि भुकटीचा कण काचेच्या नळीत तापवला. आधी गंधकाचा वास आला. पाठोपाठ लसूण. नळीच्या थंड भागावर पांढरे, चकाकणारे बारीक कण बसले.

हर्षानं बर्नर बंद केला आणि स्टुलावर बसली.

हा प्रयोग तिनं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिला होता. पिवळा दगड तो हरताळ, लाल ती मनशीळ. दोन्ही दगड आर्सेनिक आणि गंधकाचे. पाण्यात विरघळत नाहीत, कुलपात ठेवले तर शंभर वर्षं गप्प पडून राहतात. पण जाळले की गंधक सुटतो, आणि आर्सेनिक हवेशी मिळून सोमल होतं. सोमल म्हणजे तेच, जे पूर्वी उंदरांना घालत आणि कधीकधी माणसांनाही. ते धुरातून उठतं, पांढरं, आणि ज्याच्या छातीत जाईल त्याच्या छातीत बसतं. तान्ह्या पोराच्या छातीत तर पहिल्याच श्वासाला.

लसणाचंही कोडं सुटलं. ओली खळ, त्यावर चढलेली बुरशी. ती बुरशीच आर्सेनिकला हवेत सोडते आणि त्या हवेला लसणाचा वास असतो. बरं वाटलं तिला. वासाला कारण होतं.

मग तिला लुगडं आठवलं आणि बरं वाटणं संपलं.

मनशिळेची एक खोड आहे. अंधारात ती लालच्या लाल राहते. उजेड लागला की हळूहळू आतून मोडते आणि पिवळी भुकटी होऊन गळते. म्हणजे खिडकीतून रोज दुपारी ऊन येत होतं, आणि लुगडं पिवळं होत होतं. इथवर ठीक. मग मधला पट्टा लाल राहिला, तो त्यावर ऊन पडलं नाही म्हणून. आणि ऊन पडलं नाही, तर मधे काहीतरी होतं.

४

ती घरी आली तेव्हा अश्विन दुकानात होता आणि शामला पोरीला घेऊन झोपली होती. जिन्यातल्या खिळ्यावरची किल्ली घेऊन हर्षानं कुलूप काढलं. नाकाला ओला रुमाल बांधला. दार लोटून घेतलं नाही. तेवढं धाडस तिच्यात नव्हतं, आणि ते कबूल करायला तिला लाजही वाटली नाही.

कालच्यापेक्षा पिवळं जास्त झालं होतं. त्यामुळे लाल नीट दिसत होतं.

डोकं होतं. थोडं उजवीकडे कललेलं. खाली खांदे, एक दुसऱ्यापेक्षा उतरलेला. कमरेवर ठेवलेला हात, कोपर बाहेर, आणि कोपर आणि कमर यांच्या मधे पिवळा त्रिकोण. आणि दुसरा हात, डावीकडे सरळ आडवा पसरलेला, दाराच्या दिशेनं.

हर्षा शिक्षिका होती. घाबरली तरी आधी कारण शोधणार. खिडकीबाहेर झाड होतं का? नव्हतं. विजेची पेटी, वाळत घातलेले कपडे, समोरच्या गच्चीवरची टाकी? तिनं खिडकीतलं रुपरावांचं टमरेल मधोमध सरकवून पाहिलं, खुर्ची ठेवून पाहिली, स्वतःची ओढणी धरून पाहिली. सावली पडे, पण फुगीर, पुसट कडांची, आणि ऊन सरकलं की सावलीही सरके. एकाच जागी ठेवलेल्या वस्तूची खूण लुगड्यावर फराटल्यासारखी उठली असती. ही कड तर कात्रीनं कापल्यासारखी होती. अशी कड हवी असेल, तर जे काही मधे होतं त्यानं दुपारभर उन्हासोबत थोडंथोडं सरकायला हवं. ऊन जिकडून येईल तिकडं आडवं व्हायला हवं.

"अश्विनच उभा राहत असेल," ती मोठ्यानं म्हणाली. पण अश्विन दुपारी दुकानात असतो. आणि अश्विनचे खांदे सरळ आहेत.

उतरलेला खांदा तिच्या ओळखीचा होता. मारबत रंगवताना रुपराव मधेच मागं सरत, एक हात कमरेवर ठेवत आणि मान कलती करून बाईचं तोंड न्याहाळत. गल्लीतले पोट्टे तेवढ्यात दारातून आत घुसायला बघत. मग रुपराव न वळता दुसरा हात आडवा करत. "दूर राहा रे. रंग ओला आहे." पोरं त्या हाताखालून घुसायचीही नाहीत. हात काठीसारखा वाळका होता, पण तो आडवा झाला की विषय संपला.

ढग बाजूला झाला. खोलीत ऊन आलं. आणि मागं, खिडकीकडं, टक आवाज झाला.

ब्रश धुऊन टमरेलाच्या काठावर आपटला की होतो, तो आवाज. मग पुन्हा एकदा, सावकाश.

टमरेलात पाणी नव्हतं, ब्रश नव्हता. ते तिनंच मघाशी तिथं सरकवलं होतं. पत्रा उन्हानं तापला की टकटकतो, हे तिला माहीत होतं. तिनं ते स्वतःला सांगितलं, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला न अडकवता मुठीत घेतली आणि वर जाऊन दार बंद केलं.

५

पोळ्याच्या दिवशी दुपारी ती खाली आली. अश्विनसोबत गोपाळराव ओट्यावर बसले होते. गोपाळराव म्हणजे गल्लीच्या मारबतीचे कर्तेधर्ते. मिरवणुकीत सगळ्यात पुढं चालणार आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणार. बाहेर उद्याच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांची गाडी लागली होती आणि पोरांची झुंबड उडाली होती.

हर्षानं सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, एकही सूत्र न सांगता. रंग विषारी आहे, धूर पोरांना मारील, मारबत जाळायची नाही.

गोपाळराव हसले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाया. पण आम्ही लहानपणापासून त्या धुरात उभे राहिलो. काय झालं आमाले?"

"तेव्हा रुपरावकाकांनी हा रंग लावला नव्हता, गोपाळराव. एकदाही नाही. पिवडी लावत होते."

"अन् नाही जाळली तं गल्लीची रोगराई जाईल कुठं? तुमच्या कॉलेजात?"

अश्विन खाली मान घालून मनगट खाजवत होता. मग म्हणाला, "ताई, बाबा घरात इख ठेवणारे नव्हते."

"फेकणार कुठं होते ते? नाल्यात टाकलं तं पाण्यात गेलं असतं. जाळलं तं हवेत. म्हणून कुलपात ठेवलं. तुला हात लावू दिला नाही तो काही जपून ठेवला म्हणून नाही गा. तुला जपलं."

"मंग सांगतलं काहून नाही मले?" त्याचा आवाज फाटला. "एक शब्द बोलले असते. मी काय भैताड होतो? मी समजून राहिलो, बाबांनी माह्यासाठी ठेवलं. तीन दिवस वाटलं मी ते पाट्यावर. लोक म्हणतील, रुपरावाच्या पोराले एक मारबत जमली नाही."

बाप लोक काय सांगतात आणि काय पेटीत ठेवून जातात, याचं उत्तर कोणाजवळ असतं? तिला वाईट वाटलं. पण आत चिमी खोकली आणि छातीतली ती बारीक शीळ ओट्यावर ऐकू आली. वाईट वाटायला वेळ नव्हता.

"चल," ती म्हणाली. "एकदा खोलीत चल. मग तुला वाटेल ते कर."

६

गोपाळराव आले नाहीत. "मले बैल पाहाचे आहे," म्हणून ते उठले. चिमीला घेऊन शामला मागं मागं आली. हर्षानं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

आत दोघं दाराजवळच्या भिंतीला लागून उभे राहिले, खिडकीच्या रेषेत नाही. हर्षानं मुद्दाम तसं उभं केलं होतं. दोघांची सावली लुगड्यावर पडायला नको होती. आभाळ भरलेलं होतं आणि खोली करडी होती. लुगड्यावरची लाल आकृती आता इतकी स्पष्ट झाली होती की अश्विननं विचारलंच नाही, हे काय आहे. तो फक्त बघत राहिला.

"ओल आहे," तो शेवटी म्हणाला, पण त्या शब्दात जीव नव्हता.

तेवढ्यात ऊन आलं. श्रावणातलं असतं तसं एकदम, कोणीतरी पडदा ओढावा तसं. खिडकीपासून मारबतीपर्यंत उजेडाचा तिरपा खांब उभा राहिला. लुगडं पेटल्यासारखं उजळलं. मधली आकृती उजळली नाही.

"हात धर तिथं," हर्षा म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. "अंगाला लावू नको. नुसता समोर धर."

अश्विननं हात पुढं केला. पिवळ्या भागासमोर धरला तेव्हा तळहातावर ऊन पडलं, मनगटावरचे चट्टेसुद्धा दिसले. त्यानं तो हळूहळू लाल खांद्यासमोर नेला. तळहात काळवंडला. सावलीत गेला. उघड्या खिडकीतून येणाऱ्या सरळ उन्हात, मधे काहीही नसताना, त्याच्या हातावर सावली पडली होती.

त्यानं हात मागं घेतला नाही. तिथंच धरून ठेवला. "गार लागून राहिलं," तो इतक्या हळू म्हणाला की हर्षाला ते ओठांवरून कळलं.

टक, असा खिडकीकडून आवाज आला.

हर्षानं मान वळवली. बघायचं नव्हतं, तरी वळवली. उन्हाच्या त्या खांबात धुळीचे कण तरंगत होते, हजारो, सगळे चमकत. आणि खिडकी आणि मारबत यांच्या मधे एके जागी ते चमकत नव्हते. कण तिथपर्यंत येत, विझत, आणि पलीकडे पुन्हा चमकत. विझत होते ती जागा माणसाएवढी होती. एक खांदा उतरलेला. एक हात आडवा, दाराकडे, जिथं शामला पोरीला घेऊन उभी होती.

हर्षानं शामलाकडे पाहिलं. शामलाला काही दिसत नसावं. पण तिच्या खांद्यावरची चिमी मान ताठ करून त्या जागेकडे टक लावून बघत होती. आणि मग ती हसली, तोंडभर, दात नसलेलं. ती तशी फक्त ओळखीच्या माणसाकडे बघून हसायची.

"बाबा," अश्विन म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यानं हात हलवला नाही. "नाही जाळत. बरं? चिमीले नाही नेत. नाही जाळत मी."

खोलीत काही वाजलं नाही. फक्त अश्विनच्या तळहातावर ऊन आलं. आधी बोटांवर, मग हाताच्या मध्यावर, मग मनगटापर्यंत, जसं कोणी समोरून सावकाश बाजूला झाल्यावर येतं.

मग ढग आला.

७

गल्लीला समजावणं हे भुताला सामोरं जाण्यापेक्षा अवघड निघालं. गोपाळराव तासभर ऐकेनात. शेवटी अश्विननं बाह्या सारून मनगटं त्यांच्यापुढं केली आणि म्हणाला, "नुसतं वाटताना हे झालं, काका. नातवाले उभं करता का धुरात?" गोपाळराव उठले आणि स्वतःच्या घरातली रद्दी घेऊन आले.

त्या संध्याकाळी ओट्यावर सगळ्या गल्लीनं मिळून दुसरी मारबत बांधली. बांबू कोणाचे, खळ कोणाची, पिवडी कोपऱ्यावरच्या दुकानातली. घाईत बाईचं नाक वाकडं झालं आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. "रुपरावाच्या हातची नाही लागत," कोणीतरी म्हणालं, आणि अश्विन कित्येक दिवसांनी हसला. जुनीला हर्षानं हातमोजे घालून काळ्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वरून चिकटपट्टीचे वेढे दिले. खोलीची खिडकी लावली. फरशी ओल्या फडक्यानं पुसून ती फडकीही पिशवीत बांधली. कारखान्यांचा विषारी कचरा नेणाऱ्यांना ती फोन करून बसली होती. मारबत नेणार का, असं विचारल्यावर पलीकडच्या माणसानं पत्ता दोनदा विचारून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी वाकड्या नाकाची बाई वाजतगाजत निघाली. "खोकला घेऊन जा गे मारबत," गोपाळराव सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. मैदानावर आग लावली तसे पोट्टे नेहमीसारखे जाळाकडं धावले.

अश्विन आगीसमोर उभा होता. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. एक हात कमरेवर होता, मान जराशी कलती. त्यानं दुसरा हात आडवा केला.

पोरं थांबली. चिमी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला शामलाच्या पदराखाली झोपली होती. त्या वर्षी कोणाचं पोर धुरात गेलं नाही. रोगराई तरीही गेली असावी. निदान दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघा बापलेकींच्या तपासण्या पाहून काळजीचं कारण नाही असं सांगितलं, अश्विनला मलम दिलं, आणि चिमीची छाती ऐकून म्हणाले, मागच्यापेक्षा बरी आहे.

दोनेक दिवसांनी कचऱ्याची गाडी आली. हातमोजे घातलेल्या माणसानं आत काय आहे ते बघितल्याशिवाय नेणार नाही म्हणून सांगितलं. हर्षानं खोलीतच, मिणमिणत्या दिव्यात, चिकटपट्टी कापली आणि प्लास्टिक बाजूला केलं.

लुगडं पिवळं होतं. सगळंच्या सगळं. खांदा नव्हता, हात नव्हता, लाल रंगाचा एक ठिपका नव्हता.

अंधारात मनशीळ पिवळी होत नाही. हे हर्षाइतकं पक्कं त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. तिनं बंद खिडकीकडे पाहिलं, काळ्या प्लास्टिककडे पाहिलं. कारण शोधायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं.

"न्या," ती त्या माणसाला म्हणाली.

गाडी गेल्यावर तिनं खिडकी उघडली. मोकळ्या भिंतीवर ऊन पडलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधे कुठेही न अडता. ती हात धुऊन जिन्याकडे वळली आणि तिथंच थबकली. लसूण. चांगला ठेचलेला, नाकाला झोंबणारा.

"शामला?"

"काय ताई?" स्वयंपाकघरातून फोडणी चरचरल्याचा आवाज आला. "श्रावण संपला ना. वरणाले फोडणी देऊन राहिली. या, ताट वाढते."

आतल्या पाळण्यात चिमी श्वास घेत होती. हर्षानं कान देऊन ऐकलं. शीळ वाजत नव्हती. मग ती जेवायला गेली.